लिमिटेड एडिशन प्रिंट : घेताना, ठेवताना, विकताना काय काय बघायचं

बेळगावात हल्ली टिळकवाडी म्हणा शहापूर म्हणा, बऱ्याच घरांत देवाचा फोटो आणि आजोबांचा हार घातलेला फोटो सोडून भिंतीवर तिसरंपण काहीतरी दिसायला लागलंय. कुणी पुण्याला नोकरी करताना गॅलरीतनं घेतलेली प्रिंट, कुणी गोव्याला गेल्यावर आणलेली, कुणी इन्स्टावर थेट आर्टिस्टला मेसेज करून मागवलेली. खाली डावीकडं पेन्सिलीनं १२/५० असं काहीतरी लिहिलेलं असतं, उजवीकडं सही. घेताना दहा-पंधरा हजार मोजलेले असतात त्यामुळं प्रश्न येतोच, उद्या विकायची वेळ आली तर हिचे किती येतील. खानापूर-निपाणीकडनंपण विचारणारे भेटतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

१२/५० म्हणजे पन्नास प्रती काढल्यात (ह्या पन्नासांना मिळून एक एडिशन म्हणतात) आणि तुमची त्यातली बारा नंबरची, एवढं सगळ्यांना कळतं. पण तो आकडा म्हणजे कलाकारानं घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे, की ह्या चित्राच्या ह्याच्यावर प्रती निघणार नाहीत. पुढं प्रिंटला जी काय किंमत येते ती ह्या शब्दाच्या जोरावर येते. शब्द कुणी दिलाय, तो पाळणाऱ्यातला आहे का, आणि पाळला हे दाखवायला तुमच्याकडं कागद कुठले आहेत. बाकीचं सगळं, चित्र किती सुंदर, फ्रेम किती महागाची, ते ह्याच्यानंतर.

घेताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारा की पन्नास सोडून अजून किती आहेत. कारण नंबरच्या प्रतींशिवाय कलाकार स्वतःसाठी काही प्रती ठेवतो, त्याच्यावर एपी म्हणजे आर्टिस्ट प्रूफ लिहिलेलं असतं, साधारण एडिशनच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतात. छापणाऱ्याला एखाद-दुसरी मिळते ती पीपी, म्हणजे प्रिंटर्स प्रूफ. एचसी लिहिलेल्या प्रती विक्रीसाठी नाहीत म्हणून काढलेल्या असतात पण कधीतरी त्यापण बाजारात येतात. म्हणजे पन्नासची एडिशन, वर पाच एपी, दोन पीपी, झाल्या सत्तावन्न. यात फसवणूक काही नाही, जुनी रीत आहे, पण विचारल्यावर सरळ आकडा सांगता आला पाहिजे. जो गॅलरीवाला “तसं काही नसतं हो” म्हणून विषय बदलतो त्याच्याकडनं घेताना मी दहा वेळा विचार करीन.

दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि सगळ्यात जास्त भानगड तिथंच असते. ह्याच चित्राची दुसऱ्या साइजमध्ये, दुसऱ्या कागदावर, कॅनव्हासवर किंवा दुसऱ्या रंगात एडिशन आहे का, किंवा पुढं काढणार आहात का? ए-३ साइजच्या पन्नास, मग ए-२ च्या पंचवीस, मग कॅनव्हासवर शंभर, मग निळ्या रंगात वेगळ्या तीस, असं करत करत एकाच चित्राच्या दोनशे-अडीचशे प्रती फिरायला लागतात आणि कागदोपत्री प्रत्येक एडिशन लिमिटेडच असते. असं झालं की तुमच्या १२/५० ला काही अर्थ उरत नाही. उत्तर तोंडी घेऊ नका, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लिहून घ्या.

तिसरा प्रश्न, छापून झाल्यावर प्लेटचं काय केलं. तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवरनं छापलेलं असेल तर एडिशन संपल्यावर प्लेटवर आडव्या रेघा ओढून ती रद्द करतात, स्क्रीनप्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतनं रंग दाबून काढलेली असेल तर ती जाळी धुऊन टाकतात. डिजिटल फाइलचं मात्र असं काही करता येत नाही, ती कुठल्यातरी हार्डडिस्कवर राहणारच, त्यामुळं डिजिटल प्रिंटमध्ये सगळा भार कलाकाराच्या नावावर आणि शब्दावर येतो. म्हणून अगदी नवीन, कुणाला माहीत नसलेल्या माणसाची डिजिटल लिमिटेड एडिशन विकायच्या हिशेबानं घेऊ नये, आवडली तर खुशाल घ्यावी.

नंबर जितका लहान तितकी किंमत जास्त असं बरेच जण धरून चालतात. ड्रायपॉइंट नावाच्या प्रकारात ते थोडं खरं आहे कारण सुईनं प्लेट खरवडताना धातूची जी बारीक कड वर येते ती दाबात झिजत जाते, सुरुवातीच्या प्रतींत रेघ मखमलीसारखी दाट येते, नंतरच्या प्रतींत उडत जाते. स्क्रीनप्रिंट आणि डिजिटलमध्ये पहिली आणि पन्नासावी सारखीच. शिवाय नंबर घालताना छापल्याच्या क्रमानंच घालतात असंपण नाही, वाळलेला गठ्ठा समोर घेऊन बसतात आणि वरनं खाली सह्या करत जातात. १/५० साठी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

अजून एक प्रकार हल्ली जोरात चाललाय तो म्हणजे ठरावीक मुदतीची एडिशन, अमुक दिवस बुकिंग चालू आणि जेवढ्या ऑर्डर येतील तेवढ्या छापायच्या. २०२१ मध्ये डेमियन हर्स्ट ह्या ब्रिटिश कलाकारानं आठ चित्रांची मालिका अशीच विकली, प्रत्येकी ३,००० डॉलरला, आणि त्यात सात हजारांवर प्रिंट्स गेल्या. जगातलं एवढं मोठं नाव आहे म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडं एखाद्यानं दोन दिवस बुकिंग ठेवून “लिमिटेड” म्हटलं तर दोन दिवसांत किती गेल्या तो आकडा नंतर मागून घ्या, १२/५० मधल्या ५० च्या जागी तुमच्या प्रिंटला तो आकडा धरायचा.

आणि शब्द मोडला की काय होतं त्याचं उदाहरण स्पेनचा प्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली. म्हातारपणी ह्या माणसानं हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या, त्यावर नंतर कुणी काय छापलं त्याचा पत्ता नाही. आज सही खरी असली तरी त्या काळातल्या दालीच्या प्रिंटकडं बाजार संशयानंच बघतो.

भिंग घेऊन बघा

हे काम घरी करण्यासारखं आहे आणि मला ह्यात सगळ्यात जास्त मजा येते. सोनाराकडं दहा पटीचं भिंग असतं ना, तसलं एक घ्या, स्वस्तात मिळतं. प्रिंट फ्रेममधनं बाहेर काढून स्वच्छ टेबलावर ठेवा, हात धुऊन कोरडे करा, कागद धरायचा तो कडेला दोन्ही हातांनी. मग मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, कागदाला लागून धरा.

स्क्रीनप्रिंट असेल, ज्याला गॅलरीवाले सेरिग्राफ म्हणतात, तर रंगाचा थर कागदावर बसलेला दिसतो, एका रंगावर दुसरा रंग जिथं चढतो तिथं बारीक पायरी दिसते, आणि भिंगातनं बघितलं तर रंग सपाट, सलग असतो, ठिपके नसतात. एचिंग, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या प्लेटवरनं छापलेली असेल तर चित्राभोवती चौकोनी दाब उठलेला असतो कारण ओला कागद प्लेटवर ठेवून मशीनमधनं काढलेला असतो, तो दाब बोटाला लागतो आणि काळी रेघ कागदाच्या वर किंचित उठलेली असते. लिथोमध्ये, म्हणजे दगडी छपाईत, दगडावर ओढलेल्या खडूचा दाणा दिसतो. लाकडी ठशाची असेल तर कागद उलटा करा, मागनं दाबलेलं उमटलेलं असतं. डिजिटल प्रिंट, म्हणजे ज्याला जिक्ले म्हणून विकतात, त्यात रंगाचे अगदी बारीक फवारल्यासारखे ठिपके असतात, त्याला काही रांग नसते. आणि साध्या ऑफसेटवर छापलेलं पोस्टर असेल तर भिंगात चार रंगांचे गोल ठिपके फुलासारखे रांगेत बसलेले दिसतात, लग्नपत्रिकेत नाहीतर कॅलेंडरवर दिसतात तसेच. सेरिग्राफ म्हणून घेतलेल्या प्रिंटमध्ये असे ठिपके दिसले तर विषय तिथंच संपला.

सहीचंही तसंच. पेन्सिलीची सही आडव्या उजेडात चमकते, कागदात थोडी दबलेली असते. छापलेली सही भिंगात चित्रासारखीच ठिपक्यांची दिसते. काही प्रिंट्सवर दोन सह्या असतात, एक चित्राच्या आत छापलेली आणि एक खाली हातानं केलेली. विकताना खालची मोजतात.

आता ह्यातनं एक मोठी विभागणी कळते ती डोक्यात ठेवा. एक प्रिंट अशी की जी कलाकारानं प्रिंट म्हणूनच केली, प्लेट स्वतः कोरली, दगडावर स्वतः काढलं. आपल्याकडचे प्रिंट करणारे नामवंत कलाकार सोमनाथ होर, ज्योती भट्ट, झरीना, पॅरिसला जाऊन एकाच प्लेटवर कमी-जास्त घट्ट शाई वापरून अनेक रंग काढायचं तंत्र घडवणारे कृष्णा रेड्डी, ही सगळी मंडळी अशी. त्यांच्या प्रिंटचं वेगळं मूळ चित्र कुठं नसतंच, प्रिंट हेच मूळ. दुसरी प्रिंट म्हणजे झालेल्या पेंटिंगचा फोटो घेऊन चांगल्या कागदावर काढलेली प्रत. तीपण सुंदर असू शकते, कापसाच्या कागदावर पिगमेंट शाईनं काढलेली असेल तर नीट ठेवल्यास पिढीभर टिकते. पण पुन्हा विकताना दोघींच्यात मोठा फरक पडतो आणि पहिली केव्हाही पुढं राहते.

घरातली रविवर्मा छाप

आपल्या भागात हा प्रश्न हमखास येतो म्हणून वेगळं लिहितोय. निपाणी, चिकोडी, बेळगावातल्या जुन्या वाड्यांत देवघराच्या वर लक्ष्मी नाहीतर सरस्वतीची काचेतली जुनी छाप असते. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथनं दगडी छपाईनं निघालेली देवांची चित्रं घराघरांत गेली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली, ही ह्या छापांची फार मोठी गोष्ट आहे आणि मला ती कुठल्याही किमतीपेक्षा मोलाची वाटते. त्या लिमिटेड वगैरे काही नव्हत्या, जास्तीत जास्त घरांत जाव्यात म्हणूनच काढलेल्या. १९७२ मध्ये आग लागून प्रेसचं बरंच काही गेलं. आज त्या दुर्मिळ झाल्यात त्या लोकांनी जुनं म्हणून टाकून दिल्या, उन्हापावसात गेल्या म्हणून.

तुमच्याकडची जुनी आहे का नवी कशी ओळखायची? भिंगात चार रंगांचे रांगेतले ठिपके दिसले तर नवी. जुन्या दगडी छपाईत दाणे वेडेवाकडे असतात आणि बऱ्याच वेगवेगळ्या शाया असतात, कागदावर वॉर्निश असतं, काहींवर कॅनव्हाससारखा पोत दाबलेला असतो. खालच्या पट्टीत प्रेसचं नाव, कार्ला-लोणावळा असं इंग्रजीत छापलेलं सापडतं, म्हणून ती पट्टी फ्रेमखाली झाकली गेली असेल तर हळूच काढून बघा. काही छापांवर घरातल्या बायकांनी जरीचे तुकडे, टिकल्या शिवलेल्या-चिकटवलेल्या असतात, त्या “साफ” करायच्या म्हणून उपटू नका. त्या हातकामाला मानणारे संग्राहक आहेत, आणि नसते तरी तुमच्या पणजीचा हात आहे तो.

रविवर्मा १९०६ ला गेले. आपल्याकडं कॉपीराइट कलाकार गेल्यावर साठ वर्षं चालतो, म्हणजे त्यांची चित्रं आता कुणीही छापू शकतो. म्हणून नव्या कॅनव्हासवर “रविवर्मा लिमिटेड एडिशन १०/१००” म्हणून जे विकतात त्यात मर्यादा फक्त त्या छापणाऱ्यापुरती. उद्या शेजारचा अजून शंभर काढेल. मर्यादेचा शब्द रविवर्मांनी दिलेला नाही, द्यायला ते नाहीतच. भिंतीवर लावायला छान, विकायच्या हिशेबात धरू नका.

किंमत काढायची कशी

नेटवर प्रिंटचं नाव टाकलं की कुणीतरी ऐंशी हजार मागतोय असं दिसतं आणि माणूस हवेत जातो. मागायला काय, कुणी काहीही मागतं. गेल्या दोन-तीन वर्षांत तीच प्रिंट, त्याच एडिशनमधली, प्रत्यक्षात कितीला गेली ते शोधा. सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू, पंडोल्स ह्या लिलाववाल्यांच्या साइटवर झालेल्या विक्रीचे आकडे बघायला मिळतात. त्यातपण एक खोच आहे, त्या आकड्यात बऱ्याचदा खरेदीदाराकडनं घेतलेलं प्रीमियम धरलेलं असतं आणि ते लिलाववाल्याला जातं, विकणाऱ्याला नाही. सापडलेल्या आकड्यातनं तेवढं वजा करूनच विचार करा.

आणि पेपरातल्या बातम्यांवर जाऊ नका. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन, त्यांचं एक भलंमोठं तैलचित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात साधारण ११८ कोटींना गेलं. बातमी आली की ज्यांच्याकडं हुसेनचा सेरिग्राफ आहे ते सगळे हिशेब करायला बसतात. पण हुसेनच्या सह्या असलेले सेरिग्राफ बाजारात भरपूर आहेत, एकेका एडिशनमध्ये पुष्कळ प्रती आहेत, मूळ चित्राची आणि त्याची गाठ घालण्यात अर्थ नाही. सेरिग्राफची तुलना सेरिग्राफशीच करा, आणि जमलं तर त्याच चित्राच्या सेरिग्राफशी.

हिशेब कसा असतो ते बघा. समजा प्रिंट १५,००० ला घेतली, फ्रेमला ४,००० घातले. पाच वर्षांनी कुणी २२,००० ला घेतली. सात हजार सुटले असं वाटतं की नाही? मध्ये विकून देणाऱ्याचं कमिशन १५ टक्के धरलं तर ३,३०० गेले, पॅकिंग-कुरिअर-इन्शुरन्स १,५०० गेले, हातात १७,२०० आले. खर्च १९,००० होता. म्हणजे अठराशे रुपये अंगावर आले, आणि फ्रेम तर बहुतेक वेळा घेणाऱ्याला नकोच असते. तेच १९,००० सोसायटीत मुदत ठेवीला टाकले असते तर पाच वर्षांत काय झालं असतं ते तुम्हीच बघा. म्हणून मी कुणालाही स्पष्ट सांगतो, बहुतेक प्रिंट्स घेतलेल्या किमतीच्या खालीच विकल्या जातात, विकल्या गेल्या तर. वर जाणाऱ्या असतात पण थोड्या, आणि त्यांची लक्षणं ठरलेली असतात: कलाकाराच्या मूळ चित्रांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेली, चित्र असं की बघताक्षणी हे अमक्याचं म्हणून ओळखू येईल, एडिशन लहान, आणि कागद नुकताच छापल्यासारखा. चारही एकत्र असतील तर बोला.

कलाकार गेला की किंमत वाढते, हेपण सरसकट खरं नाही. नवीन प्रती निघायच्या बंद होतात हे खरं, पण घरचे लोक कधीकधी नंतर एडिशन काढतात, त्यावर हातची सही नसते, शिक्का असतो. हयातीतली सही केलेली प्रत आणि नंतरची शिक्क्याची प्रत ह्यात भरपूर फरक, घेताना साल बघा.

गावचं चित्र

बेळगावला चित्रकारांची मोठी परंपरा आहे, के. बी. कुलकर्णी सर इथलेच, त्यांच्याकडं शिकलेले रवी परांजपे इथंच जन्मले. आजपण गावात चांगली कामं करणारे आहेत आणि कुणी किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या छतातलं ते दगडी कमळ, कुणी पावसातला खानापूरचा रस्ता, कुणी जुनी गल्ली काढून त्याच्या पंचवीस-तीस प्रिंट्स करतं. लोक विचारतात हिला बाहेर किंमत आहे का. मुंबईच्या लिलावात नाही. पण अशा चित्राचं गिऱ्हाईक वेगळं आहे, बेळगाव सोडून पुण्याला, बेंगळूरला, अमेरिकेला गेलेला माणूस. त्याला ते कमळ लहानपणी मान वर करून बघितलेलं आठवतं, तो घासाघीस करत नाही. अशी प्रिंट विकायची असेल तर गॅलऱ्यांच्या मागं लागू नका, माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी येणारी मंडळी, तिथं दाखवा.

आणि विकायची नसेल तर अजूनच चांगलं. इथल्या कलाकाराकडनं घेतलेले पाच हजार सरळ त्याच्या पुढच्या कामात जातात, तुम्ही त्याच्या घरी जाऊन छापताना बघू शकता, कुठला रंग तीनदा चढवला ते विचारू शकता. रोज चहा पिताना समोर बघायला जे चित्र पाहिजे तेच घ्यावं, मग दहा वर्षांनी ते विकलं गेलं नाही तरी तुमचं काही अडत नाही.

पाऊस, फ्रेमवाला आणि काच

किंमत जाते ती बाजारात कमी आणि आपल्या घरात जास्त. जून ते सप्टेंबर बेळगावच्या भिंती काय होतात ते सांगायला नको, खानापुराकडं तर विचारूच नका. बाहेरच्या बाजूच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर प्रिंट लावू नका, घराच्या मधल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या मागं चार कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. देवघराच्या वर नको, समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर कागदात बसतो. खिडकीतनं दुपारचं ऊन येतं तिथं नको, लाल-पिवळा रंग आधी उडतो. कागदावर तपकिरी ठिपके यायला लागले तर ती बुरशी असू शकते, घरी पुसायला, ब्लीच लावायला जाऊ नका, कागदाचं काम जाणणाऱ्या कॉन्झर्व्हेटरला दाखवा.

फ्रेमवाल्याशी बोलताना तोंड उघडून सांगायला लागतं. आपल्याकडचे फ्रेमवाले देवाचे फोटो, लग्नाचे फोटो करण्यात पटाईत, त्यांना प्रिंटचं वेगळं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. “अण्णा, कडेचा पांढरा कागद अजिबात कापायचा नाही, फ्रेम मोठी करा पण कागद कापू नका,” हे पहिलं वाक्य. रेडिमेड साइजमध्ये बसवायला म्हणून चारी बाजूंनी पट्टी कापली की प्रिंटची किंमत त्याच मिनिटाला अर्ध्याखाली येते, कधी नंबरसकट जाते. दुसरं, फेविकॉलनं बोर्डवर चिकटवायची नाही, लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही. वरच्या कडेला मागनं दोन ठिकाणी जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावायच्या, त्यावर कागद लोंबता राहिला पाहिजे म्हणजे दमट हवेत तो फुगला-आकसला तरी सुरकुती पडत नाही. तिसरं, माउंटबोर्ड, म्हणजे फ्रेमच्या आत प्रिंटला लागून बसणारा जाड पुठ्ठा, ॲसिड-फ्री पाहिजे, गावात नाही मिळाला तर पुण्या-मुंबईहून मागवा, साधा बोर्ड काही वर्षांत कागदाला पिवळी चौकट पाडतो. आणि काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी राहू दे, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला धरते.

समोर उभं राहून करून घ्या. अण्णा वैतागतात, पण एकदा समजलं की पुढच्या गिऱ्हाइकाचंपण नीट करून देतात.

विकायची वेळ आली तर

आधी जिथनं घेतली तिथं विचारा. गॅलरीकडं त्याच कलाकाराचं गिऱ्हाईक थांबलेलं असतं, एडिशन संपलेली असेल तर ते स्वतःहून विकून देतात, कमिशनवर. लिलाववाले लहान किमतीची एकटी प्रिंट सहसा घेत नाहीत. नाहीतर थेट संग्राहकाला विका, फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पूर्ण कागद, सहीचा जवळनं, नंबरचा जवळनं, मागची बाजू, आणि जिथं डाग आहे तिथलापण. डाग लपवून पाठवलेली प्रिंट परत येते आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर तुमच्यावर बसतं.

पाठवताना फ्रेममधनं काढून पाठवा. जाड कागद असेल तर दोन कडक बोर्डांच्या मध्ये सपाट, पातळ असेल तर रुंद नळीत सैल गुंडाळून, आत ॲसिड-फ्री टिश्यू. नळी बारीक असली की कागदाची वळकटी सुटत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सल टाकायची आपल्याकडं सवय आहे, पुण्याला सकाळी पोचतं म्हणून, पण त्या डिकीत वर तांदळाचं पोतं पडलं तर नळीचं काय होईल ते बघा. इन्शुरन्स काढून कुरिअरनं पाठवा.

टॅक्सचं थोडक्यात. घरातली चित्रं आणि कलावस्तू आयकरात वैयक्तिक सामानात धरत नाहीत, त्यामुळं फायदा झाला तर भांडवली नफा धरला जातो. चोवीस महिन्यांच्या वर ठेवलेली असेल तर लाँग टर्म, २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला १२.५ टक्के. रक्कम मोठी असेल तर सीएला दाखवूनच पुढं जा. आणि प्रिंट तुमची झाली म्हणजे चित्राचे हक्क तुमचे झाले असं नाही, तिचा फोटो काढून टी-शर्टवर किंवा दुकानाच्या बोर्डवर छापता येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५३अ कलमात मूळ चित्र, शिल्प, रेखाचित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला वाटा मागायचा हक्कपण आहे. प्रिंटचं नाव त्यात घेतलेलं नाही, तरी चांगला फायदा झाला तर कलाकाराला त्यातलं काहीतरी द्यावं असं माझं मत आहे.

शेवटी कागद. पावती, सर्टिफिकेट, ते व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं उत्तर, प्रदर्शनाचं पत्रक, सगळं एका पाकिटात. सर्टिफिकेटवर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, साल, छपाईचा प्रकार, कागद, साइज, एडिशन किती, तुमचा नंबर किती आणि सही, एवढं पाहिजे. चमकणारा होलोग्राम असला आणि हे नसलं तर त्याचा उपयोग नाही. मशीनमधनं निघणारी गुळगुळीत पावती वर्ष-दोन वर्षांत पुसट होते, म्हणून आल्या दिवशीच झेरॉक्स काढा. पाकीट फ्रेमच्या मागं चिकटवू नका, घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा आणि घरात अजून एकाला तरी सांगून ठेवा. विकताना ते पाकीट घेणाऱ्याला द्या, आपल्याकडं झेरॉक्स ठेवा, आणि कलाकाराला किंवा गॅलरीला एक मेसेज टाका की अमुक नंबरची प्रिंट आता अमुक गावाला गेली. चांगले कलाकार कुठली प्रत कुणाकडं आहे ह्याची वही ठेवतात, पुढं कुणी त्यांना फोन करून विचारलं तर त्या वहीत बघूनच उत्तर देतात.